काठावरचा पाचोळा

बसमधून उतरून रसेल होलिक घराच्या चढाला लागला आणि मागून कुणाची तरी पावलं वाळक्या पानांवर वाजली. चर्र, मग थांबून पुन्हा चर्र. पुढे काय झालं ते त्याला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. आत्ता तो चालत होता, आणि आत्ता तो एका उभ्या गाडीच्या चाकाशी तळवे आणि गुडघे टेकून पडला होता. गाल टायरला लागला होता, श्वास कोंडला होता, डोळे गच्च मिटलेले. मग साखळी किणकिणली, एका कुत्र्याचं ओलं नाक त्याच्या मानेला लागलं आणि बाईचा आवाज आला, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" "किल्ल्या पडल्या," तो म्हणाला. किल्ल्या खिशातच होत्या. बाई भली होती, तिनं वाकून गाडीखाली पाहिलंसुद्धा. तिच्या बुटांखाली मेपलची लाल पानं पुन्हा चुरचुरली. सापडल्या, असं म्हणून त्यानं खिशातल्या किल्ल्या मुठीत धरून दाखवल्या, हसला, आणि उरलेला चढ रस्त्याच्या मधून, जिथे पानं नव्हती तिथून, चढला. मागच्या नोव्हेंबरचं हे आपल्या अंगातून निघून गेलंय असं तो धरून चालला होता. दिवसभर तो रंगांच्या दुकानात उभा असायचा. लोक उशीचा अभ्रा, फुटक्या बशीचा तुकडा, आईच्या स्वयंपाकघराचा पोपडा घेऊन यायचे आणि तो तसाच रंग डब्यात कालवून द्यायचा. त्या कामात मन रमतं, डोळा रमतो. उन्हाळा तर अगदी स्वच्छ गेला होता. पण उन्हाळ्यात पानं झाडांवर असतात, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी जनीन स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभी राहून नवी टोपी घालून बघत होती. शिकाऱ्यांची भडक नारिंगी टोपी, माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालतात ती. एवढ्या वर्षांत कुणी आपल्या भिंतीसाठी हा रंग मागितला नव्हता. "पॉपचा फोन होता," ती म्हणाली. पॉप म्हणजे तिचा बाप. "क्लोव्हरच्या चाऱ्यावर पानं साचलीत म्हणे, शनिवारी या दोघं. मी म्हटलं येतो. तुझ्या गुडघ्याला काय झालं?" "बसमधून उतरताना घसरलो." "बघू." "काही नाही." ती टोपी काढून केस झटकत म्हणाली, "आणि ऐक, मी शिकारीचा परवाना काढला. या वर्षी मी बसणार आहे पॉपबरोबर. खालच्या अंगाला मी, वर मचाणावर तो. आई गेल्यापासून तो कसा झालाय बघतोस ना तू. बोलताना तोंडाकडेसुद्धा बघत नाही. कानाकडे बघून बोलतो, जसं काही माझं तोंड बघवत नाही त्याला. पोरगी होते तेव्हा दोघंच जायचो आम्ही. तिथे बसला की माणसात येतो तो." रसेल नळाखाली तळहात धरून उभा होता. तळहातातून बारीक रेती निघत होती. खालच्या अंगाला, हे दोनच शब्द त्यानं ऐकले होते. "तो मोठा नर पण दाखवायचाय म्हणतो मला," जनीन हसून म्हणाली. "तू पाहिलायस तो. मी नाही अजून."

नर कुठे होता? रसेलला तो दुपार कलतानाचा उजेड आठवला. डोंगराच्या कुशीत, चहूबाजूंनी बीच आणि ओकच्या झाडांनी वेढलेला जमिनीचा तुकडा, फुटबॉलच्या मैदानाहून कितीतरी लहान. तिथे सासरा ऑरविल क्रॉमर दरवर्षी हरणांसाठी क्लोव्हर पेरायचा. वरच्या काठाला मचाण. खालच्या काठाला हरणांची वाट. रसेल शिकारी नव्हताच, जावई म्हणून जायचा, ओझी उचलायचा, थर्मासमधलं सूप पोचवायचा. त्या दिवशी तो खालच्या ओढ्याकडून सूप घेऊन येत होता. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी, आणि काठावर गुडघाभर पाचोळा. त्या पाचोळ्यात त्यानं पाय घातला, दोन-तीन पावलं टाकली आणि शेजारचं बीचचं झाड फुटलं. आवाज नंतर आला, असं त्याला वाटत राहिलं. आधी झाड फुटलं, गालात सुया घुसल्या, आणि मग तो आवाज डोंगरभर लोळत गेला. तो खाली बसला नाही, पळाला नाही, तसाच उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं ते एवढंच, की सूप सांडलं नाही. वरून ऑरविलची हाक आली, "रस? तू आहेस का रे तिकडे?" "हो, पॉप." वरून पुन्हा, "मग ते गेलं कुठे? आत्ता इथे होतं." त्या आवाजात एक फट होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस त्या फटीच्या काठावर उभा होता आणि बायकोला पुरून त्याला तेव्हा चारच महिने झाले होते. रसेल म्हणाला, "गेलं पॉप, माझ्या बाजूनंच गेलं. ओढ्याकडे." "नर होता ना?" "नर होता," रसेल म्हणाला. "मोठा होता." इतकंच. एवढी सोपी गोष्ट होती ती. मग ते दोघं खाली उतरले आणि जनीननं चिमट्यानं त्याच्या गालातल्या सालीची कुसळं काढली. फांदी लागली, तो म्हणाला.

नंतर तो नर वाढत गेला. नाताळात त्याच्या शिंगांना आठ फाटे होते, ईस्टरला दहा. ऑरविल चर्चबाहेर उभा राहून त्याची छाती दोन्ही हात पसरून दाखवायचा आणि मग म्हणायचा, "आमच्या जावयाला विचारा. त्याच्या अंगावरून गेला." लोक रसेलकडे बघायचे आणि रसेल मान हलवायचा. पंधरवड्यापूर्वीच्या फोनवर म्हातारा म्हणाला होता, "तो परत येणार. क्लोव्हर उघडं ठेवलं तर येणारच. वर्षभर तोच डोळ्यांपुढे आहे बघ माझ्या." फोन ठेवल्यावर रसेल बराच वेळ भिंतीच्या रंगाकडे बघत बसला होता. म्हातारा वर्षभर ज्याची वाट बघत होता तो आपणच, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा शब्दांत कळलं, आणि त्यानं ते शब्द लगेच पुसून टाकले. चूक एकदा होते. उजेड कमी होता. उभ्या देशात दरवर्षी असं कुणाचं ना कुणाचं होतं. अशा वाक्यांवर त्यानं वर्ष काढलं होतं. पण आता त्या खालच्या अंगाला जनीन बसणार होती. रात्री तिच्या श्वासाकडे कान देऊन पडल्यापडल्या त्यानं ठरवलं, शनिवारी सांगायचं. कुणाला सांगायचं, ते मात्र ठरत नव्हतं. तिला सांगितलं तर ती त्याच पावली बापाच्या हातातली बंदूक काढून घेणार. मग त्या घरात म्हाताऱ्यापाशी काय राहणार? टीव्ही, औषधांची डबी, बायकोचा कोट. आणि म्हाताऱ्याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुम्ही माझ्यावर गोळी झाडलीत. हे वाक्य कोणत्याही आवाजात म्हणून बघितलं तरी ते भांडणाचंच निघत होतं.

शनिवारी सकाळी ऑरविलनं स्वतःची जुनी पिकअप अंगणात वळवून ठेवली होती. "चला शहरवाले," तो म्हणाला, "ऊन आहे, वारा आहे, पानं कोरडी आहेत. उद्या पाऊस लागला की गोधडीसारखी चिकटतील, मग दात घासायच्या ब्रशनं काढत बसा." जनीन घरात थांबली. आईच्या पद्धतीनं कोंबडी आणि पिठाच्या चौकोनी तुकड्यांचं रटरटतं भांडं तिला लावायचं होतं. रस्ताभर म्हातारा गाडी सावकाश चालवत होता आणि मान किंचित डावीकडे वळवून चालवत होता, जणू रस्ता त्याला आवडत नव्हता. एका वळणावर समोरून दुधाचा टँकर आला तेव्हा त्यानं अगदी शेवटी गाडी बाजूला घेतली. "हे लोक मेले रस्ता आपल्या बापाचा समजतात," तो म्हणाला. रसेलनं दाराची मूठ धरली होती, ती सोडायला त्याला ओढ्यापर्यंत वेळ लागला.

वरचा तुकडा पानांनी झाकून गेला होता. मेपल, चेरी, बीच. ओकची पानं अजून झाडालाच धरून होती. रसेलनं बुटानं पानं सारली तेव्हा खाली क्लोव्हर होतं, पण फिकट पडलेलं, दमलेलं, बंद खोलीत ठेवलेल्या माणसासारखं. "मधून सुरू कर," ऑरविल म्हणाला. "वाऱ्याच्या बाजूनं ढकलत ने. नळी फार खाली धरू नको, मुळं उपटतील. आणि घाई नको." रसेलनं पानं हवेनं उडवणारा ब्लोअर पाठीवर चढवला, दोरी ओढली. यंत्र गुरगुरलं, पानं उठली, चक्रावली, एकमेकांवर चढत लाटेसारखी पुढे सरकू लागली. काम बरं होतं. पानं हटतील तसतसा हिरवा रंग बाहेर येत होता, आणि रंग बाहेर आला की त्याला जरा मोकळं वाटायचं. पण पाठीवर यंत्र असलं की मागचं काही ऐकू येत नाही. दर थोड्या वेळानं तो मान वळवून बघत होता. म्हातारा दाताळं घेऊन वरच्या कडेला होता. बंदूक घरी कपाटात होती, हे त्याला माहीत होतं. तरी तो वळून बघत होता. एकदा वळला तेव्हा त्याला दिसलं, म्हातारा दाताळ्यानं पानं ओढत नव्हता, क्लोव्हर ओढत होता. नुकतं फुटलेलं कोवळं क्लोव्हर, मुळांसकट, आणि शेजारी पानांचा ढीग जसाच्या तसा. ओढत होता आणि समाधानानं मान हलवत होता. रसेलला हाक मारावीशी वाटली. त्यानं ती मारली नाही आणि नळीचं तोंड पुन्हा पानांकडे वळवलं.

पानांची लाट खालच्या काठापर्यंत आली तेव्हा तो ती आत जंगलात ढकलणार होता. ऑरविल हात हलवत खाली आला. रसेलनं यंत्र मंद केलं. "आत नको नेऊस," म्हातारा म्हणाला. "इथेच राहू दे. या काठानं, त्या ओकपासून या बीचपर्यंत. जाड थर हवा, गुडघ्याएवढा." "का?" रसेलनं विचारलं. "लोक तर लांब टाकतात." "लोकांचं सोड." ऑरविल खाली वाकून हातानंच पानं सारखी करू लागला, उशीत पिसं भरावीत तशी हळुवारपणे. "यावरून आल्याशिवाय कुणाला क्लोव्हरवर येता येत नाही. आलं की वाजतं. मला वर बसल्याजागी कळतं, किती आहेत, कुठून येतायत, हलके की जड. दोन वर्षं झाली, मी असंच करतो." तो हे अभिमानानं सांगत होता. रसेलच्या कानाकडे बघत सांगत होता. डाव्या कानाच्या जरा बाहेर, जिथे काहीच नव्हतं.

रसेल तसाच उभा राहिला. यंत्र पाठीवर थरथरत होतं. जनीन म्हणते, तोंड बघवत नाही त्याला. वळणावरचा टँकर. पिवळ्या पानांच्या जागी ओढून काढलेलं हिरवं क्लोव्हर. नारिंगी जाकीट, भर उजेडातही ओरडणारा तो रंग, आणि तरी. उजेड कमी नव्हता त्या दिवशी. उजेड भरपूर होता. म्हाताऱ्यानं हरीण समजून त्याला बघितलं नव्हतं, बघितलंच नव्हतं, त्यानं ऐकलं होतं आणि आवाजावर गोळी झाडली होती. आणि आपण त्या आवाजाला शिंगं लावून दिली. त्याला एकदम सोपा उपाय सुचला आणि तो सुचला म्हणून त्याला स्वतःची किळस आली: म्हातारा वर जेवायला गेला की हा सगळा थर उडवून लावायचा. खालची माती दिसेपर्यंत. आवाज नाही तर गोळी नाही. कुणाला काही सांगायला नको. म्हातारा बंदूक घेऊन मचाणावर बसेल, हरणं मुकाट येतील आणि जातील, जनीन मुकाट चालेल. ऑरविल "भूक लागली" म्हणून वर गेला, मचाणाखाली बादली उलटी घालून बसला, आणि रसेलनं खरोखरच यंत्राचा जोर वाढवून तो थर फोडला. पानं उधळली. बीचपासून सुरुवात करून त्यानं दरवाजाएवढी जागा मोकळी केली, काळी माती दिसू लागली. मग त्यानं वर पाहिलं. ओकची पानं तपकिरी झाली होती, पण सगळीच्या सगळी फांद्यांवर होती. ती नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत, गळत राहणार. आज केलेली वाट आठवड्यात पुन्हा बुजणार, आणि तो इथे रोज येऊन झाडत बसणार नव्हता. त्यानं यंत्र बंद केलं.

शांतता इतकी एकदम झाली की कान दुखले. रसेलनं ब्लोअर पाठीवरून उतरवला, जमिनीवर ठेवला, आणि झाडलेल्या क्लोव्हरवरून वर चालू लागला. ओलसर मऊ क्लोव्हरवर पावलांचा आवाज होत नव्हता. आपण काय करतोय हे त्याला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. अंगात तेच जाकीट होतं. ऑरविल त्याच्याकडे तोंड करून बसला होता, गुडघ्यावर कागद, हातात सँडविच, सावकाश चावत होता. रसेल जवळ येत गेला. निम्म्या शेतापर्यंत त्याला वाटत होतं, आता म्हणेल, काय रे, झालं का. पुढे त्याला वाटणं बंद झालं. पलंगाच्या लांबीएवढ्या अंतरावर तो थांबला. म्हाताऱ्याचे फिकट निळे डोळे सरळ त्याच्या छातीवर होते. चावणं चालू होतं. ओठाच्या कडेला मोहरी लागली होती. "रस?" ऑरविलनं हाक मारली, मोठ्यानं, त्याच्या अंगावरून पलीकडे, खालच्या काठाकडे. "बंद का केलंस? तेल संपलं?" रसेलनं उत्तर दिलं नाही. एवढ्या जवळून कुणी आपल्याला नसल्यासारखं बघावं, याची भीती गोळीच्या भीतीहून वेगळी होती. आपण मागच्या वर्षीच मेलो की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं पाय बाजूला घेतला, आणि तो पाय एका सुट्या बीचच्या पानावर पडला.

सँडविच म्हाताऱ्याच्या मांडीवर पडलं. दोन्ही हात वर आले, डावा पुढे, उजवा गालापाशी, आणि मधल्या रिकाम्या हवेत त्यांनी जे धरलं होतं ते रसेलला स्पष्ट दिसलं. त्याची पाठ सरळ झाली, श्वास थांबला, उजव्या हाताचं बोट वाकलं. चेहरा तरुण झाला होता. असा तो किती वेळ होता कोण जाणे. मग हात हळूहळू खाली आले आणि म्हाताऱ्यानं मान डावीकडे वळवून डोळ्याच्या कडेनं बघितलं.

"तू आहेस," तो म्हणाला.

"मी आहे, पॉप."

"किती वेळ उभा होतास?"

"बराच."

ऑरविलनं मांडीवरचं सँडविच उचललं, त्याला लागलेली पानाची काडी काढली, पण खाल्लं नाही. रसेल त्याच्यासमोर जमिनीवर बसला, कारण उभं राहून बोलणं त्याला जमलं नसतं. आठवडाभर घोकलेलं सगळं विसरलं होतं. "मागच्या वर्षी तुम्ही गोळी झाडलीत ना," तो म्हणाला, "तेव्हा तिथे हरीण नव्हतं. मी होतो. एकटाच. पाचोळ्यातून येत होतो. माझ्या डोक्याशेजारी झाडाला लागली ती."

वाऱ्यानं झाडलेल्या जागेवर दोन-चार पानं परत आणून टाकली. ऑरविल म्हणाला, "नर नव्हता?"

"नव्हता."

"पण मी शिंगं पाहिली त्याची." मग त्याचा आवाज खाली आला. "तू सांगितल्यावर पाहिली."

म्हाताऱ्याचे हात कागदाची घडी घालत होते, अर्धी, पाव, मग आणखी लहान. "मधोमध पुसल्यासारखं झालंय," तो म्हणाला. "कडेनं दिसतं. समोर धरलं की जातं. ज्याच्याकडे बघेन तो जातो. उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाला, आता हे सुधारायचं नाही. जनीनचं तोंड बघून दीड वर्ष झालं असेल मला. कान दिसतो. केस दिसतात." आणि त्याच आवाजात, जराही न बदलता, "आणि तू वर्षभर माझ्या घरी जेवलास. चर्चसमोर माझ्या शेजारी उभा राहून मान हलवलीस. वेड लागलेल्याच्या हो ला हो करतात तशी?"

"तसं नाही, पॉप."

"मग कसं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मी तुला मारला असता तर?" तो म्हणाला. "तर कसं वाटलं असतं मला? याचा विचार केलास? की मी तुला मारून, वर जाऊन, तुझा नर शोधत बसलो असतो?" तो उठला. बादलीला धरून उठला. रसेल हात द्यायला पुढे झाला, तो त्यानं झिडकारला. "जनीनला माहीत आहे?"

"नाही."

"मग मी सांगणार. तू गप्प बस. त्याची सवय आहे तुला."

उतरताना गाडी पुन्हा ऑरविलनंच चालवली, आणि रसेल पुन्हा काही बोलला नाही. त्याला बोलायला हवं होतं, हे त्याला प्रत्येक वळणावर कळत होतं. तरी जीभ उचलली गेली नाही. आज एका माणसाकडून आणखी किती काढून घ्यायचं, असा हिशेब तो करत राहिला आणि रस्ता संपला.

टेबलावर जेवण मांडलेलं होतं. ऑरविलनं टोपी काढली, हात धुतले, बसला, आणि जनीन त्याच्या ताटलीत वाढत असताना त्यानं सगळं सांगून टाकलं. कुठलंही वाक्य मऊ केलं नाही. मी रसवर गोळी झाडली. मला वाटलं हरीण आहे. मला डोळ्यांनी दिसत नाही. डॉक्टरनं सांगितलंय, मी तुला सांगितलं नाही. जनीनच्या हातातला मोठा चमचा भांड्यावर थांबला होता. तिनं बापाकडे बघितलं नाही. ती रसेलकडे बघत होती, त्याच्या गालाकडे. "मी काढली ती कुसळं," ती म्हणाली. "इथेच, या दिव्याखाली. तू म्हणालास फांदी लागली. मी म्हटलं, किती धांदरट आहेस." रसेल म्हणाला, "जनीन." "थांब. मी मागच्या आठवड्यात परवाना काढला. टोपी घालून दाखवली तुला. तेव्हा पण नाही बोललास." "शनिवारी बोलणार होतो." "शनिवारी," ती म्हणाली, जणू तो शब्द परक्या भाषेतला होता. मग ती ऑरविलकडे वळली, त्याच्या खुर्चीजवळ गेली, त्याच्या डाव्या बाजूला वाकली आणि त्याच्या डोळ्याच्या कडेला आपला चेहरा नेला. "इथे दिसतं?" "जरा वर," म्हातारा म्हणाला. ती जरा वर झाली. "आता?" तो बराच वेळ बघत राहिला. "बारीक झालीस," तो म्हणाला.

ती तशीच वाकून राहिली, पाठ दुखेपर्यंत. मग सरळ झाली आणि डोळे न पुसता म्हणाली, "आज वर गाडी कुणी चालवली?" ऑरविलनं खिशात हात घातला, पिकअपच्या किल्ल्या काढल्या आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवल्या. गोळीबद्दल तो सहज बोलला होता. किल्ल्या ठेवताना मात्र त्याचा हात त्यांच्यावर राहिला, आणि जनीननं त्या बोटांखालून काढून घेतल्या नाहीत, वाट बघितली. शेवटी त्यानं हात उचलला. मग तो जेवला. सगळं जेवला, ताटली पावानं पुसून. रसेलनं ताटलीतलं नुसतं इकडचं तिकडे केलं. आपल्याला हलकं वाटायला हवं होतं, असं त्याला वाटत होतं, आणि वाटत होती ती फक्त लाज, आणि त्या लाजेच्याही खाली एक जुनी, कोरडी भीती, जी आता कशाची होती ते कळत नव्हतं.

जनीन त्या रात्री तिच्या लहानपणच्या खोलीत झोपली आणि तिनं दार लावून घेतलं. पाऊस आला नाही. सकाळी रसेल स्वयंपाकघरात आला तेव्हा म्हातारा कोट घालून बसलेला होता. "खालचा काठ राहिलाय," तो म्हणाला. "सगळा थर आत टाकून दे, लांब. आता त्याचं काही काम नाही. आणि मी जिथे क्लोव्हर उपटलं तिथे नवं बी टाकायला हवं. तू बघितलंस ना, मी उपटत होतो ते?"

"बघितलं."

"ते पण नाही बोललास."

"नाही."

"पुढच्या वेळी बोल," ऑरविल म्हणाला.

किल्ल्या मिठाच्या बरणीजवळच होत्या. रसेलनं त्या घेतल्या. अंगणात जनीन आधीच येऊन उभी होती, हातात दाताळं, डोळे सुजलेले, डोक्यावर काही नाही. तिनं दाताळं मागे टाकलं, मधल्या जागेवर चढून बसली, आणि गियरपासून गुडघे बाजूला घेऊन समोर बघत राहिली. ऑरविल सवयीनं गाडीला वळसा घालून डावीकडच्या, चालकाच्या दाराशी आला. दाराच्या मुठीला त्यानं हात लावला. मग तो थांबला, बोनेटला हात लावत लावत पुढून पलीकडे गेला, दार उघडून आत चढला. रसेल स्टिअरिंगमागे बसला, पण लगेच गाडी सुरू केली नाही. म्हातारा डाव्या खांद्यामागे चाचपत होता. तिथे जनीनचा दंड होता. त्यानं मांडीशेजारी हात नेला, सीटच्या फटीत बोटं घातली, पुन्हा खांद्याकडे नेला. ही गाडी त्याच्याकडे तीस वर्षं होती.

"या बाजूला पट्टा कुठे असतो रे?" त्यानं विचारलं.

"उजव्या खांद्यामागे, पॉप," रसेल म्हणाला. "जरा वर."

त्याला तो सापडला. ओढून आणायला वेळ लागला, अडकवायला आणखी वेळ लागला. जनीनचे हात तिच्या मांडीवर होते आणि ते तिनं हलवले नाहीत. खटका वाजला तेव्हा रसेलनं किल्ली फिरवली.